दर्यावरची झुंज आणि देशावरचा मान

तासगाव हे येरळा आणि अग्रणी या नद्यांच्या मुलखातले, ज्वारी-हरभऱ्याच्या रानांत वाढलेले आणि पुढे द्राक्षे व बेदाणा यांच्या व्यापाराने नावारूपास आलेले गाव. समुद्राशी तुमचा संबंध काय, असे येथल्या एखाद्या जाणत्या माणसास विचारले, तर तो प्रथम हसेल, मग फार तर घाट चढून येणाऱ्या मिठाची, सुक्या मासळीची आणि नारळांची आठवण काढील, आणि शेवटी परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपतीच्या सात मजली गोपुराकडे पाहून म्हणेल की, आमचा इतिहास घोडेस्वारांचा, खलाशांचा नव्हे. हे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धे आहे. कारण दर्यावर जे लढले आणि बुडाले त्यांच्या शौर्याची नोंद ठेवण्याचे, त्यांच्या मागे राहिलेल्यांस अन्नवस्त्र पुरविण्याचे आणि पुढे कित्येक पिढ्यांनी त्यांची कागदपत्रे छापून काढण्याचे काम महाराष्ट्रात पुष्कळ अंशी सह्याद्रीच्या अलीकडे, आपल्याच या सातारा-सांगलीच्या मुलखात झालेले आहे.

समुद्रावरच्या लढाईचे रणक्षेत्र दुसऱ्या दिवशी शिल्लक राहात नाही, ही तिच्या स्मरणातली पहिली अडचण होय. पानिपतावर काळ्या आंब्याची जागा दाखविता येते, पावनखिंडीत उभे राहून येथे बाजी पडले असे म्हणता येते. परंतु भरसमुद्रात बुडालेल्या जहाजाच्या जागी दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाचा तवंग आणि चार फळकुटे एवढेच काय ते असते, आणि तेही भरती-ओहोटीबरोबर निघून जाते. म्हणून आरमारी शौर्याचा सन्मान करावयाचा तर तो जमिनीवर येऊनच करावा लागतो. तो कसा केला, कोणाचा केला आणि कोणाचा राहून गेला, हे पाहिले म्हणजे त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांचे मन जितके कळते तितके त्यांच्या जाहीरनाम्यांवरून कळत नाही.

आपल्याकडे या सन्मानाचे सर्वांत जुने रूप म्हणजे वीरगळ. सातारा-सांगली भागात देवळाच्या आवारात, पारापाशी, क्वचित् ओढ्याच्या काठी शेंदूर फासलेले असे दगड आढळतात. खालच्या चौकटीत पडलेला वीर, तिच्यावर झुंजीचा प्रसंग, त्याच्यावर त्यास उचलून नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, अशी त्यांची रचना ठरलेली असते. गावची गुरे वळवून नेणाऱ्यांशी लढताना कोणी पडला, की गावाने त्याचा दगड उभा करावयाचा, हा जुना शिरस्ता होता. परंतु मुंबईजवळ बोरिवलीस एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांपैकी काहींवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. उंच नाळीची, एका डोलकाठीची जहाजे रांगेने चालली आहेत, त्यांच्या बाजूंनी वल्ह्यांची ओळ बाहेर आली आहे, जहाजांवर शस्त्रे उगारलेली माणसे आहेत, आणि वरच्या चौकटींत नेहमीप्रमाणे स्वर्ग आहे. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात 1265 च्या सुमारास जो संग्राम झाला, त्याचेच हे चित्र असावे असे काही अभ्यासक मानतात. महादेवाचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने सोमेश्वराच्या अंताचे वर्णन करताना अशी कल्पना केली आहे की, महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याने समुद्राचे पाणी पत्करले. विजेत्याच्या पदरच्या पंडिताने केलेली ही कोटी आहे आणि तिच्यात उपहास आहे. पण एकसरच्या पाथरवटाला त्या उपहासाशी काही कर्तव्य नव्हते. त्याने राजा कोरला, हत्ती कोरले, आणि त्यांच्या बरोबरीने वल्ही मारणारेही कोरले. वल्हेकऱ्यास शिल्पात जागा देणे ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. पुढच्या काळात ती जागा त्यास फारशी कोणी दिलेली नाही.

शिवछत्रपतींनी आरमार उभे केले तेव्हा हा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. 1679 च्या ऑक्टोबरात खांदेरीच्या पाण्यात मराठ्यांच्या लहान लहान होड्यांनी इंग्रजांचे डव्ह नावाचे गलबत त्यावरील माणसांसह धरून नेले आणि त्याच दिवशी रिव्हेंज नावाच्या दुसऱ्या जहाजाने एकट्याने झुंज देऊन त्यांची फळी फोडली, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. मायनाक भंडारी आणि दौलतखान ही मराठ्यांकडील नावे त्यातून आपणांस कळतात. होड्यांवरच्या भंडारी, कोळी, मुसलमान खलाशांची नावे कळत नाहीत. तथापि त्यांच्या पोटाचा विचार राज्याने केला होता, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रावरून दिसते. त्यात आरमाराच्या खर्चासाठी मुलखाच्या वसुलातून नेमणूक तोडून द्यावी, बंदरांच्या जकातीवर ती बसवू नये, नाहीतर सावकारांस उपद्रव होऊन व्यापार बुडेल, असे बजाविले आहे. या एका कलमाचा अर्थ मोठा आहे. खलाशाचा रोजमुरा बंदरावर उतरणाऱ्या मालातून नव्हे, तर शेतसाऱ्यातून निघावयाचा होता. ज्याने समुद्र जन्मात पाहिला नाही अशा देशावरच्या कुणब्याने दर्यावरच्या लढाईचा भार उचलावयाचा, ही योजना कागदावर तरी त्या काळीच ठरली होती.

आता आनंदराव धुळपांकडे येऊ; कारण या विषयाचा खरा गाभा तेथे आहे. धुळप हे विजयदुर्गचे म्हणून ओळखले जातात, परंतु त्यांच्या घराण्याची परंपरा त्यांस जावळीच्या मोऱ्यांशी जोडते, म्हणजे मूळ सातारा जिल्ह्यातले. शिवाजीमहाराजांनी 1656 साली जावळी घेतली, मोऱ्यांचे घराणे उधळले, आणि त्या उधळलेल्या घराण्याच्या एका शाखेतला पुरुष पुढे शंभर वर्षांनी पेशव्यांच्या आरमाराचा सुभेदार व्हावा, हा इतिहासाचा योगायोग चमत्कारिक खरा. त्याआधी 1756 साली पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला तेव्हा आंग्र्यांचे आरमार बंदरातल्या बंदरात जळून गेले होते. आपल्याच घरातला दांडगा भाऊ नको म्हणून परक्यास हाताशी धरावयाचे आणि त्या भरात घराची पाठभिंत पाडून टाकावयाची, असला तो व्यवहार होता; त्याचे समर्थन करणारे पुष्कळ आहेत, प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला आणि तेथे त्यांनी आपले आरमार नव्याने बांधले. आनंदरावांची कारकीर्द त्या आरमाराची.

पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू असताना देशावरच्या फौजा कोठे गुंतल्या होत्या हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. 1781 च्या एप्रिलात कर्नल गॉडर्ड बोरघाट सोडून पनवेलकडे मागे फिरला, तेव्हा त्याच्या पिछाडीवर तुटून पडणाऱ्यांत हरिपंत फडके, तुकोजी होळकर यांच्याबरोबर तासगावकर परशुरामभाऊही होते. पुढे 1782 साली सालबाईचा तह ठरला, नाना फडणीसांनी त्यावर पुढल्या वर्षीच्या आरंभी मान्यतेची मोहोर उठविली, पण तहाची बातमी सर्व सुभ्यांना आणि सर्व जहाजांना एकाच दिवशी पोचण्याचे ते दिवस नव्हते. अशा धामधुमीत 1783 च्या एप्रिलात रेंजर नावाचे कंपनीचे लढाऊ गलबत मुंबईहून मलबारकडे निघाले. कप्तान लेफ्टनंट प्रुएन; जहाजावर जनरल नॉर्मन मॅकलाउड, कर्नल हंबरस्टन, मेजर शॉ असे हैदर-टिपूच्या युद्धावर निघालेले बडे अधिकारी. 8 एप्रिल रोजी विजयदुर्गच्या पाण्यात आनंदराव धुळपांच्या ताफ्याने, म्हणजे दोन मोठी जहाजे, एक मध्यम गलबत आणि आठ गलबते मिळून अकरा शिडांनी, त्यास गाठले.

लढाई काही तास चालली. शिडांच्या लढाईत एकट्या जहाजाची दशा काय होते ते ज्याने कोकणच्या किनाऱ्यावर वारा पडलेला पाहिला आहे त्यास समजेल. मोठे जहाज शिडे लोंबवीत जागच्या जागी डुलत राहते. गलबते वल्ह्यांच्या बळावर त्याच्या पिछाडीस येतात, जेथून त्याच्या बाजूच्या तोफा लागू पडत नाहीत तेथून मारा करतात, आणि डोलकाठी तुटली की मग दोन्हीं अंगांनी चढून हातघाईस येतात. रेंजरवरील लोकांनी शरण येण्यास नकार दिला. मेजर शॉ ठार झाला, हंबरस्टन छातीत गोळी लागून जबर जखमी झाला आणि महिनाअखेर विजयदुर्गातच वारला, मॅकलाउड जखमी होऊन वाचला, आणि गलबतावर धड असा मनुष्य शेवटी फारसा उरला नाही. जहाज धरून विजयदुर्गास आणले. मग कंपनीची तक्रार पुण्यास आली, तहाचा दाखला देण्यात आला, आणि काही आठवड्यांनी जहाज व वाचलेले लोक परत करण्यात आले. साताऱ्यास छत्रपतींच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने पुढे आपल्या इतिहासात या झुंजीची दखल घेतली आहे. त्याच्या मते दोष धुळपांकडे होता. आमचे मत अर्थातच तितके निर्विवाद नाही, कारण आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने दस्तक घेतले पाहिजे, हा मराठी आरमाराचा दावा पुरातन होता आणि इंग्रजांनी तो मनातून कधी मान्य केला नव्हता. परंतु हा वाद बाजूस ठेवला तरी रेंजरवरील मूठभर लोक अकरा शिडांपुढे नमले नाहीत, ही गोष्ट नाकारण्याचे कारण मराठी वाचकास नाही. शौर्य हे निशाणाची मिरास नव्हे.

मराठ्यांकडेही माणसे पडली आणि जखमी झाली. अशा माणसांचे पेशवाईत काय होत असे? सरदाराचा मान सर्वांस ठाऊक आहे: हुजुरास भेट, शिरपाव, सोन्याचे कडे, कंठी, चौकडा, पालखीची नेमणूक, गाव इनाम. तो मान दरबारात चारचौघांसमक्ष होई आणि बखरकार तो आवडीने लिहून ठेवीत. मात्र दफ्तरात जाऊन पाहावे तर त्याच्याहून कितीतरी अधिक जागा दुसऱ्याच एका बाबीने व्यापलेली असते, ती म्हणजे बालपरवेशी. लढाईत कामास आलेल्या माणसाच्या अज्ञान मुलांच्या, विधवेच्या, कधी म्हाताऱ्या आईच्या निर्वाहासाठी रोख नेमणूक, धान्य किंवा जमिनीचा तुकडा लावून द्यावयाचा. जखमी झालेल्यास जखमेचा खर्च द्यावयाचा. मुलगा वयात आला की त्यास बापाच्या जागी चाकरीस घ्यावयाचे. या नेमणुकीसाठी आधी माणसाचे नाव लागते, बापाचे नाव लागते, गाव लागते, तो कोणाच्या पथकात होता आणि कोणत्या कामगिरीत पडला याचा दाखला लागतो. सुभ्याहून याद्या यावयाच्या, फडात त्या रुजू व्हावयाच्या, फडणिशीत त्यांची बेरीज पडावयाची. कारकुनाच्या या कोरड्या हिशेबात स्तुतीचा एक शब्द नसतो. तथापि तांडेलास, गोलंदाजास, खलाशास नाव मिळाले ते याच हिशेबात, दरबारी मानपत्रात नव्हे.

ती व्यवस्था आदर्श होती असे कोणी समजू नये. नेमणूक मंजूर होणे आणि ती हातात पडणे यांत मामलेदार, कमाविसदार आणि त्यांचे कारकून उभे असत, आणि उत्तर पेशवाईत तिजोरी रिकामी झाली तेव्हा आधी झळ लागली ती असल्याच बाबींना. पण कल्पना निखालस चोख होती: सरकारचे काम करताना मेला त्याचे मूल सरकारचे.

ही दफ्तरे आज आपणांस वाचावयास मिळतात याचे श्रेय पुन्हा या भागाकडे येते. 1848 साली वारस नाही या सबबीवर तासगावचे संस्थान कंपनीने खालसा केले. पण पटवर्धनांच्या इतर शाखांकडची दफ्तरे राहिली, आणि मिरजेच्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पदरमोड करून ती ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या खंडांतून छापली. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘मराठ्यांचे आरमार’ हे पुस्तक लिहून धुळपांची कामगिरी मराठी वाचकांपुढे आणली. समुद्रापासून दूर, एकाने कृष्णेच्या काठी आणि दुसऱ्याने अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बसून आरमाराचा आणि त्या काळच्या मोहिमांचा हा कागद वाचला. वीरगळानंतर दर्यावरच्या लोकांस मिळालेला दुसरा दगड तो हाच असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

यापुढला एक प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या लोकांस बराच काळ अवघड वाटत आला आहे. 3 सप्टेंबर 1942 रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोठा मोर्चा गेला, कचेरीवर तिरंगा चढला आणि मामलेदारास गांधी टोपी घालावी लागली. त्यानंतर आठवड्याभरातच वडूज आणि इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळीबार होऊन माणसे पडली. सारा जिल्हा इंग्रज सरकारविरुद्ध पेटलेला होता. त्याच वर्षाच्या 11 नोव्हेंबरला हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस त्याच सरकारच्या आरमाराचे बेंगाल नावाचे जहाज ऑन्डिना या डच तेलवाहू जहाजास सोबत करीत चालले असता जपानची दोन हल्लेखोर जहाजे पुढे आली. बेंगाल सुमारे साडेसहाशे टनांचे, त्यावर एक किरकोळ तोफ. समोरची दोन्ही दहा-दहा हजार टनांहून मोठी आणि जड तोफांनी सज्ज. बेंगालचा कप्तान विल्सन याने पळून न जाता जहाज सरळ त्यांच्या अंगावर घातले. तेलवाहू जहाजास निसटण्यास अवसर मिळावा हा हेतू. त्या गोळागोळीत होकोकू मारू हे जपानी जहाज आग लागून, स्फोट होऊन बुडाले. ऑन्डिनाचा कप्तान मारला गेला, पण त्याचे जहाज कसेबसे ऑस्ट्रेलियास परतले. आणि बेंगाल दारूगोळा संपवून, अंगावर मार खाऊन, पण एकही मनुष्य न गमावता सुखरूप निघून आले.

कप्तानास मोठे पदक मिळाले, काही हिंदी खलाशांसही पदके मिळाली, वर्तमानपत्रांतून जाहिराती झाल्या. आपल्या देशभक्तांनी त्या शौर्याकडे पाठ फिरविली, आणि ज्या सरकारने ती पदके दिली तेच सरकार आपल्या माणसांवर गोळ्या झाडीत होते हे लक्षात घेता त्यांस दोष देववत नाही. परंतु त्या लहानशा जहाजावर तोफेशी उभा राहिलेला हिंदी खलाशी आणि कचेरीवर निशाण चढविणारा तासगावचा तरुण यांची छाती वेगळ्या मातीची नव्हती. चारच वर्षांनी, 1946 च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या बंदरात याच आरमाराच्या खलाशांनी बंड केले, तेव्हा हे पुष्कळांच्या ध्यानात आले.

स्वराज्यात आरमाराची जबाबदारी काही वर्षे आपल्याच भागातल्या माणसाकडे होती. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण 1962 च्या अखेरीस संरक्षणमंत्री झाले. पाणबुड्या सोव्हिएत रशियाकडून घेण्याचे ठरले ते त्यांच्या कारकीर्दीत. आणि 1965 च्या युद्धात पोरबंदरच्या उत्तरेस जाऊ नये असा निर्बंध आरमारावर पडला तोही त्यांच्याच कारकीर्दीत. त्या सप्टेंबरात पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या आणि आपले आरमार हात बांधून राहिले. हानी क्षुल्लक होती, सल मोठा होता. साताऱ्यास देशातली पहिली सैनिकी शाळा 1961 सालीच निघाली होती. तीतून खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत आणि तेथून आरमारात जाणारी देशावरची मुले हा सल घेऊनच वाढली. 1971 च्या डिसेंबरात कराचीवर जो मारा झाला त्याच्या मुळाशी हा सल होता, हे त्या वेळच्या आरमारी अधिकाऱ्यांच्या लिहिण्याबोलण्यात वारंवार येते.

4 डिसेंबरच्या रात्री कराचीसमोर आपल्या क्षेपणास्त्रवाहू नौकांनी पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडविली आणि तिच्याबरोबर तिचे 222 लोक गेले. आपण तो दिवस नौदल दिन म्हणून पाळतो, आणि पाळावाच. परंतु तो आकडाही एकदा वाचावा, कारण पाचच दिवसांनी तसाच आकडा आपल्याकडे येणार होता.

खुकरी हे इंग्लंडात काउझ येथे बांधलेले, 1958 साली आपल्या आरमारात दाखल झालेले, सुमारे बाराशे टनांचे पाणबुडीविरोधी लढाऊ जहाज होते. कृपाण आणि कुठार ही तिची भावंडे. तिन्ही नावे शस्त्रांची. दीवच्या समोर शत्रूची पाणबुडी असल्याचा सुगावा लागल्यावर तिच्या शोधासाठी 8 डिसेंबरला मुंबईहून खुकरी आणि कृपाण निघाल्या. कुठार बाष्पकोठीतल्या अपघातामुळे निकामी झाली होती. पाणबुडी ओळखावयाची ती ध्वनीने. जहाजाखालून ध्वनीची लहर सोडावयाची आणि ती कशावर आपटून परत येते का ते कान देऊन ऐकावयाचे, असे हे सोनार यंत्राचे काम. उबदार अरबी समुद्रात पाण्याच्या थरांचे तापमान निरनिराळे असल्यामुळे ती लहर वाकते आणि खाली लपलेली पाणबुडी तिच्या छायेत सुरक्षित राहते. यंत्राचा पल्ला वाढविण्याचा एक प्रयोग लेफ्टनंट विजयकुमार जैन यांनी केला होता. तो पाहण्यासाठी ते स्वतः खुकरीवर होते, आणि त्यासाठी जहाजास वेग कमी ठेवावा लागत होता. कमी वेगाचे जहाज पाणबुडीस सोपे निशाण होते, हे खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांस समजत नव्हते असे म्हणणे हास्यास्पद आहे. शोधावयाचे तर ऐकावे लागते, आणि ऐकावयाचे तर हळू जावे लागते, असा तो पेच होता. मागाहून किनाऱ्यावर बसून त्यांच्या निर्णयावर जी टीका झाली, तिच्यात हा पेच बहुधा सोडून दिलेला असतो.

9 डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळेस, हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीने पाणतीर सोडले. पहिला कृपाणच्या रोखाने गेला आणि वाया गेला. दुसऱ्याने खुकरीचा तळ फोडला. अवघ्या काही मिनिटांत जहाज गेले. दोनच मिनिटे असेही सांगतात. जहाजाच्या पोटात, यंत्रघरात, भोजनाच्या व निजण्याच्या जागी जे होते त्यांस वर येण्याची फुरसत मिळाली नाही. दिवे गेले, शिड्या तिरक्या झाल्या आणि अरुंद वाटांत पाणी भरले. वरच्या सज्जावर मुल्ला होते. त्यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला, जवळच्या अधिकाऱ्यांस अक्षरशः ढकलून समुद्रात उतरविले, आपले जीवरक्षक जाकीट एका खलाशाच्या अंगावर घालावयास लावले आणि आपण जहाज सोडले नाही. वाचलेल्यांनी त्यांस अखेरचे पाहिले ते कप्तानाच्या खुर्चीत बसलेले. वय पंचेचाळीस. 18 अधिकारी आणि 176 नाविक जहाजाबरोबर गेले. 67 लोक रात्रभर पाण्यात आणि तराफ्यांवर काढून दुसऱ्या दिवशी कच्छाल आणि कृपाण या जहाजांच्या हाती लागले. स्वातंत्र्यानंतर लढाईत बुडालेले आपले हे एकच लढाऊ जहाज.

मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले, 2000 साली त्यांच्या नावे टपालाचे तिकीट निघाले, मुंबईच्या नौदल वसाहतीतील सभागृहास त्यांचे नाव आहे. हा सर्व मान उचित आहे, यथायोग्य आहे, त्यात एक कवडी कमी करावी असे कोणी म्हणणार नाही. तथापि 194 या संख्येतून एक उणे केला असता उरणाऱ्या 193 लोकांचे सार्वजनिक स्मरण आपण कसे केले हे पाहता मनास समाधान होत नाही. दीवच्या टेकडीवर समुद्रासमोर खुकरीची काचेच्या पेटीतली प्रतिकृती ठेवून स्मारक झाले ते 1999 च्या डिसेंबरात, म्हणजे घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी. कुटुंबांस निवृत्तिवेतन मिळाले. सरकारने त्या बाबतीत आपले काम केले, पेशव्यांच्या फडापेक्षा अधिक नियमाने केले. पण बाष्पकोठीत तेलाच्या वाफेत उभा असलेला नाविक कोण्या गावचा, कोणाचा मुलगा, हे आज पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या मुलास सांगता येत नाही. त्यास कप्तानाची खुर्ची ठाऊक असते आणि जाकीट ठाऊक असते. शौर्यकथेस एक चेहरा लागतो आणि तो नेहमी सज्जावर उभा असणाऱ्याचाच मिळतो. यंत्रघरास खिडक्या नसतात. शिवाय मुल्लांनी जाकीट दिले ते एका खलाशास, आणि ढकलून वाचविले ते आपल्या हाताखालच्यांस. म्हणजे त्या कथेचा नायक जे करीत होता त्याचा रोख त्या 193 लोकांकडेच होता, हे त्या कथेचे सांगणारेच विसरतात.

आरमाराची स्वतःची एक जुनी रीत मात्र या बाबतीत अधिक समंजस आहे. बुडालेल्या जहाजाचे नाव ते मरू देत नाही, नव्या जहाजास देते. मग त्या नावाखाली काम करणारा प्रत्येक मनुष्य, स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत, त्या जुन्या ताफ्याचा वारस होतो. माझगाव गोदीत बांधलेली दुसरी खुकरी 23 ऑगस्ट 1989 रोजी आरमारात आली, म्हणजे दीवच्या स्मारकाच्याही दहा वर्षे आधी. तिने तेहेतीस वर्षांच्या आसपास चाकरी केली आणि 23 डिसेंबर 2022 रोजी विशाखापट्टणम येथे निवृत्त झाल्यावर तिला दीवला नेऊन लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आले. हँगोर पाणबुडीही निवृत्त होऊन कराचीच्या सागरी संग्रहालयात आहे, आणि तिचा कप्तान अहमद तसनीम हा पुढे पाकिस्तानी आरमारात व्हाइस अॅडमिरलच्या हुद्द्यापर्यंत चढला.

तासगावहून गुजरातकडे सोमनाथ, द्वारका, दीव अशा सहली हल्ली पुष्कळ निघतात. दीवला ठेवलेल्या त्या दुसऱ्या खुकरीपाशी जाणाऱ्यांनी वरच्या सज्जावर छायाचित्रे अवश्य काढावीत. पण परवानगी असेल तर शिडी उतरून आधी खालच्या मजल्यावर जावे, यंत्रघर पाहावे, नाविकांच्या निजण्याच्या फळ्या एकावर एक कशा बसविलेल्या असतात आणि तेथून वरच्या दारापर्यंत यावयास किती वळणे घ्यावी लागतात ते चालून पाहावे. पहिल्या खुकरीवरचे बहुतेक लोक त्या रात्री अशाच जागी होते.